भोवळ आणि तोल

कुंभकोणमच्या पश्चिमेस, स्वामिमलैच्या शेजारी, कावेरीच्या खोऱ्यात तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. तमिळमध्ये ‘वलम्’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘सुळि’ म्हणजे भोवरा. येथे कावेरी एका विवरात लुप्त झाली, हेरंड मुनींनी त्या विवरात आपला देह अर्पण केला, तेव्हा ती वर येऊन उजवीकडे वळली, अशी या गावाच्या नावाची कथा सांगतात. समुद्राच्या फेसाचा मानला जाणारा श्वेतविनायक येथलाच. हा सारा मुलूख १६७६ ते १७९९ या काळात तंजावरच्या भोसल्यांचा होता, तेव्हा मराठी माणसास तो परका नव्हे.

भोवऱ्याचे हे गाव आठवण्याचे कारण असे की, आपल्या भाषेत ‘भोवरा’ आणि ‘भोवळ’ हे दोन्ही शब्द ‘भ्रम्’ या एकाच धातूच्या घराण्यातले आहेत. आयुर्वेदातही या विकाराला ‘भ्रम’ असेच नाव आहे. आणि गंमत अशी की, भोवळ येते तेव्हा कानाच्या आत खरोखरच पाणी वळत असते.

दोन मुली फुगडी घालतात आणि एकदम थांबतात. पाय थांबले तरी अंगण फिरतच राहते. असे का होते? आपल्या प्रत्येक कानाच्या आत, कवटीच्या हाडात, तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांत द्रव भरलेला असतो. डोके थांबले तरी तो द्रव क्षणभर वाहत राहतो, आणि मेंदू समजतो की आपण अजून फिरतो आहोत. रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या वैद्याला या यंत्रणेच्या अभ्यासाबद्दल १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता.

परंतु शरीराचा तोल एकट्या कानावर अवलंबून नाही. डोळे, कान आणि पायांच्या तळव्यांपासून मानेपर्यंतचे सांधे-स्नायू अशा तिघांची साक्ष मेंदू घेतो. वार्धक्यात तिन्ही साक्षीदार थोडेथोडे मंदावतात. एरवी ते एकमेकांना सांभाळून घेतात. पण रखरखीत उन्हातून एखादी आजी देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्याकडे वळते, डोळ्यांची साक्ष एकाएकी बंद होते, पायाखाली गुळगुळीत दगड असतो, आणि तोल जातो. रात्री न्हाणीघरात जे होते ते हेच. खुब्याचे हाड मोडले की कित्येक वृद्ध पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत, म्हणून ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

आपल्याकडे ‘चक्कर’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या तक्रारी कोंबल्या जातात. अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते, ती बहुधा रक्तदाब उतरल्यामुळे. कधी तर रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळेच. चालताना झोकांडी जाते, ती पायांच्या दुर्बलतेने किंवा मज्जातंतूंच्या क्षीणतेने. आणि घर गरगर फिरते, ती खरी भोवळ. वैद्याकडे गेल्यावर ‘चक्कर येते’ एवढेच सांगू नये. काय करताना येते आणि किती वेळ टिकते, ते सांगावे. निम्मे निदान त्यातच असते.

कूस बदलताना किंवा फडताळावरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना घर फिरू लागते आणि मिनिटाच्या आत थांबते, हा उतारवयातील भोवळीचा सर्वांत नेहमीचा प्रकार. कानातील एका पिशवीत चुन्याचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते निसटून नलिकेत शिरले की हा उपद्रव सुरू होतो. यावर गोळी नाही, पण उपाय आहे. जॉन एपली या अमेरिकन शल्यवैद्याने रोग्याचे डोके ठराविक क्रमाने वळवून ते स्फटिक पुन्हा मूळ जागी उतरविण्याची पद्धत काढली. समव्यावसायिकांनी प्रथम तिची थट्टा केली. तिचा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला, आणि आज ती सर्वमान्य आहे. पुष्कळांना एकदोन खेपांतच आराम पडतो. तरीही आपल्याकडे क्ष-किरणांचे चित्र काढून मणके झिजले असे सांगावयाचे आणि गळ्यात पट्टा बांधावयाचा, ही रीत सुटत नाही. सत्तरीच्या माणसाचे मणके झिजलेले दिसणारच. केसही पांढरे दिसतात. चक्करेच्या गोळ्याही महिनोन्‌महिने चालू राहतात, आणि त्यांतील काहींनी वृद्धांना कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात.

मणक्यांना दोष देणारी आणखी एक विद्या म्हणजे कायरोप्रॅक्टिक. १८९५ साली अमेरिकेत आयोवा प्रांतातील डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर याने एका बहिऱ्या झाडूवाल्याचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागले, अशी तिची जन्मकथा आहे. अडचण एवढीच की, कानाची नस मानेतून जातच नाही. ती कवटीच्या आतच मेंदूला मिळते. म्हणून सारेच खोटे, असे मात्र नाही. तोलाच्या साक्षीदारांत मानही आहे. मान आखडल्याने अस्थिर वाटणाऱ्या काहींना हलक्या हस्तोपचारांनी बरे वाटते, आणि काही कायरोप्रॅक्टर एपलीची क्रियाही करतात. पण तेथे गुण येतो तो एपलीचा, मणक्याच्या कडकडाटाचा नव्हे. मानेला एकाएकी हिसडा देऊन वृद्धांचा तोल सुधारतो, याला भक्कम पुरावा नाही. उलट मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतूनच वर चढतात. हिसड्याने त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची, क्वचित का होईना, उदाहरणे आहेत. हाडे ठिसूळ झालेल्याने किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने त्या वाटेस जाऊच नये. आपला न्हावी दाढीनंतर मान कडाकड मोडतो, त्यालाही हेच लागू आहे.

गुण येतो की नाही हे ठरवावयाचे कसे, याचा धडा तंजावरातच सापडतो. १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल उभारून निरनिराळ्या पद्धतींची औषधे पारखून घेतली. नेत्ररोग्यांच्या तर चित्रांसह नोंदी ठेवविल्या. कसोटी नोंदीची होती, ऐकीव कथेची नव्हती.

त्या कसोटीला जे उतरले आहे ते फार साधे आहे. भिंतीचा आधार घेऊन एकेका पायावर उभे राहणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, चिनी ताइ-चीसारख्या संथ हालचाली, असा तोलाचा व्यायाम नियमाने केल्यास पडणे कमी होते, हे पुनःपुन्हा दिसून आले आहे. स्वामिमलैच्या देवळाच्या साठ पायऱ्या, तमिळ संवत्सरांच्या संख्येएवढ्या, कठडा धरून सावकाश चढणाऱ्या म्हाताऱ्याचे पाय नकळत हेच शिकत असतात. याखेरीज रात्री दिवा, न्हाणीत धरावयास दांडा आणि उठताना क्षणभर खाटेच्या कडेला बसणे, इतके सांभाळावे.

एक प्रसंग मात्र निराळा. भोवळीबरोबर एकाची दोन दिसू लागली, जीभ जड झाली, हातपाय लुळा पडला किंवा आधार देऊनही उभे राहवेना, तर मान चोळीत बसू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.