पुढे काहीच नाही, तरी कोंडी कशी?

गळिताच्या हंगामात नगर-मनमाड महामार्गावर राहुरी-कोल्हारच्या पट्ट्यात उसाने लादलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर हमखास भेटतात. मागची जीप ब्रेक दाबते, तिच्यामागची एसटी जरा जास्तच, त्यामागचा ट्रक तर थांबतोच. ट्रॅक्टर कारखान्याकडे वळला, तरी रांग उरते.

ही रांग म्हणजे उलट्या दिशेने जाणारी लाट.

१९५५ मध्ये ब्रिटनच्या लाइटहिल आणि व्हिटहॅम यांनी नदीच्या पुराचे गणित रस्त्यालाही लावले. सूत्र सोपे आहे: एका किलोमीटरमधली वाहने गुणिले वेग म्हणजे तासाला पुढे जाणारी वाहने. समजा, किलोमीटरमध्ये २० वाहने ताशी ६० किलोमीटरने धावली, तर तासाला १,२०० सुटतात. दाटी १०० वर गेली आणि वेग ८ वर आला, तर फक्त ८००; मागून येणारी बाकीची वाहने अडकतात आणि रांग मागे सरकत वाढते.

जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटरच्या वर्तुळात २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना खड्डा. तरीही कोंडी झाली आणि ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत राहिली.

ट्रॅक्टरमागे पुरेसे अंतर राखणाऱ्या चालकाला कचकन ब्रेक मारावा लागत नाही. ही लाट त्याच्यापाशी येऊन विरू शकते.