दवाखान्यातला कॅमेरा आणि रुग्णाची अमानत

येडशी हे चौफुल्यावरचे गाव. सोलापूर-धुळे महामार्ग आणि लातूर-बार्शी रस्ता इथे एकमेकांना मिळतात, शिवाय लातूर-मिरज मार्गावरचे रेल्वे स्टेशन आहे. त्यामुळे घरात बाळंतपण जवळ आले की पहिली चर्चा होते ती, पोरीला न्यायचे कुठे? धाराशिवला, बार्शीला की लातूरला? दुसरा प्रश्न आमच्या अम्मींचा ठरलेला असतो, "डॉक्टर बाईमाणूस आहे ना?"

धाकट्या बहिणीच्या वेळी हे दोन्ही प्रश्न सुटले. दवाखाना चांगला होता, डॉक्टर बाई होत्या, तपासणीच्या खोलीला जाड पडदा होता. अम्मींनी बहिणीचा बुरखा घडी करून उशाशी ठेवला आणि सहज वर पाहिले. छताच्या कोपऱ्यात एक काळा, गोल, चकचकीत घुमट होता. "हे काय गं?" अम्मींनी विचारले.

मी बाहेर काउंटरवर गेले. तिथल्या टीव्हीवर नऊ चौकोन दिसत होते. जिना, औषधाचे दुकान, गाड्या लावायची जागा, आणि एका चौकोनात खाटेजवळ उभ्या असलेल्या माझ्या अम्मी. काउंटरला टेकून दोन तरुण आणि औषध कंपनीचा एक माणूस उभे होते. सिस्टरना सांगितले तर त्या म्हणाल्या, "तो कॅमेरा बंद असतो हो, ताई." मी काही न बोलता टीव्हीकडे बोट दाखवले.

पडदा दरवाजाला होता आणि डोळा छताला. हा अनुभव आमच्या एका घरापुरता असता तर लिहायला बसले नसते.

राजकोटला काय झाले

फेब्रुवारी 2025 मध्ये गुजरातमधील राजकोटच्या एका प्रसूतिगृहाची बातमी देशभर गाजली. तिथे तपासणीसाठी आणि इंजेक्शन घेण्यासाठी आलेल्या स्त्रियांचे सीसीटीव्ही चित्रण यूट्यूबवर दिसू लागले आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन विकले जाऊ लागले. अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने तपास सुरू केला. सुरुवातीला ज्यांना अटक झाली त्यांत एक तरुण आपल्या शेजारच्या लातूरचा होता आणि एक सांगलीचा. म्हणजे राजकोटच्या खोलीतले चित्रण विकणारी साखळी मराठवाड्यापर्यंत पोहोचली होती.

चोराने भिंत फोडली नव्हती की कुलूप तोडले नव्हते. कॅमेरे इंटरनेटला जोडलेले होते. तपासाच्या बातम्यांत पुढे आले की पासवर्ड 'अ‍ॅडमिन 123' असा कारखान्यातून आलेला, कोणालाही ठाऊक असलेला होता. आणि त्याहून मोठी चूक आधीच होऊन गेली होती. जिथे कॅमेरा असायलाच नको तिथे तो लावला होता. जे चित्रण घेतलेच नाही ते कोणी चोरू शकत नाही.

कॅमेरा हवा, पण कुठे?

दवाखान्यात कॅमेरेच नकोत असे कोणी म्हणू नये. जून 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातून पाच दिवसांचे बाळ एका बाईने पळवले. ती सीसीटीव्हीत दिसली आणि काही तासांतच बाळ आईच्या कुशीत परतले. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, तेव्हा आरोपीपर्यंत पोहोचायला कॅमेऱ्याचा उपयोग झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले आणि त्याच्यापुढच्या विषयांत सीसीटीव्हीचाही समावेश केला. रात्रपाळीच्या सिस्टर आणि डॉक्टर याही कोणाच्या लेकी आहेत.

म्हणून दरवाजा, जिना, व्हरांडा, काउंटर, औषधांचे भांडार, गाड्यांची जागा, नवजात बाळांच्या कक्षाचे दार इथे कॅमेरा असणे योग्यच. तपासणीची खोली, इंजेक्शनची खोली, प्रसूतिकक्ष, कपडे बदलण्याची जागा, बाळाला दूध पाजण्याची जागा, न्हाणीघर आणि संडास इथे तो असू नये. सामान्य वॉर्डात लावायचाच तर त्याचे तोंड दाराकडे असावे, खाटेकडे नको.

कायदा काय सांगतो

या विषयाचे नियम एका जागी सापडत नाहीत, चार-पाच कायद्यांत ते विखुरलेले आहेत. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. तो या सगळ्याचा पाया.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 77 प्रत्येक बाईने लक्षात ठेवावे. जिथे आपल्याला कोणी पाहणार नाही अशी स्त्रीची रास्त अपेक्षा असते, तिथे उघड्या अंगाने किंवा खासगी अवस्थेत असताना तिला चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे वा ते पसरवणे हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 1 ते 3 वर्षे, पुन्हा केल्यास 3 ते 7 वर्षे कैद आणि दंड. याच कलमात आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. चित्रणाला स्त्रीने होकार दिला असला तरी ते दुसऱ्याला दाखवायला तिचा होकार नसेल, तर पसरवणारा गुन्हेगार ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 ई स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. संमतीशिवाय कोणाच्याही गुप्तांगाचे चित्रण करणे वा प्रसिद्ध करणे यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसरा कायदा नवा आहे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून लागू होतील. ओळखू येणाऱ्या माणसाचे डिजिटल चित्रण हाही त्याचा वैयक्तिक डेटा. तो कशासाठी घेतला जातो हे सांगावे लागेल, काम संपले की पुसावा लागेल, फुटला तर मंडळाला आणि त्या माणसालाही कळवावे लागेल. जिथे संमतीने माहिती घेतली जाते तिथे सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागता येते. त्या यादीत मराठी आहे आणि उर्दूही. सुरक्षेत हयगय केल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा दंड सरकारजमा होतो. बेअब्रू झालेल्या बाईच्या पदरात तो पडत नाही, म्हणून आधीची खबरदारीच महत्त्वाची.

या कायद्यात माहिती गोळा करणाऱ्याला जे नाव दिले आहे त्याचा अर्थ आहे विश्वस्त. आपल्या घरात त्याला अमानतदार म्हणतात. दवाखान्याने घेतलेले चित्रण ही दवाखान्याची मालमत्ता नाही, ती रुग्णाची ठेव आहे. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये, कोणाची टेहळणी करू नये, सोपवलेली अमानत जशीच्या तशी राखावी, ही शिकवण आपल्या मुलांना मदरशात पहिल्या वर्षी मिळते. कायदा त्याच जागी आता पोहोचतो आहे.

कोल्हापूरची कसोटी

अमानत म्हणून चित्रण कसे सांभाळावे याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचे उपकरण बसवले. यंत्रावर दिसणारी प्रत्येक प्रतिमा त्यात साठत असे. हे रुग्णाच्या खासगीपणाविरुद्ध आहे म्हणून रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने 2011 मध्ये उपकरण योग्य ठरवले. कारणे समजून घेण्यासारखी आहेत. साठा इंटरनेटवरून कुठे जात नव्हता, यंत्रातच राहत होता, आणि संशय आला तरच अधिकाऱ्यांच्या मागणीवरून तो उघडला जाणार होता. शिवाय उद्देश मुली वाचवण्याचा होता.

प्रत्येक कॅमेऱ्याला हेच तीन प्रश्न विचारावेत. कशासाठी आहे? साठा कुठे राहतो? कोण, केव्हा उघडतो?

दवाखाना चालवणाऱ्या भावा-बहिणींसाठी

आपल्या वाचकांत डॉक्टर आहेत, नर्सिंग होम चालवणारे आहेत. त्यांच्यासाठी कामे थोडी आहेत आणि खर्च फार नाही.

पहिले, प्रत्येक खोलीत स्वतः जाऊन वर बघा. कॅमेरे कुठे बसवायचे हे बसवणाऱ्या कारागिरावर सोडू नका. दुसरे, टीव्हीचा पडदा काउंटरवरून उचला आणि कुलूप लागेल अशा खोलीत ठेवा. तिसरे, कारखान्याचा पासवर्ड आजच बदला. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाईलवर कॅमेऱ्याचे अ‍ॅप राहिले आहे का तेही पाहा. चौथे, दारावर मराठीत पाटी लावा की इथे कॅमेरा आहे, कशासाठी आहे, चित्रण किती दिवस राहते आणि तक्रार कोणाकडे करायची. पाचवे, चित्रण कोणी पाहिले, कोणाला दिले याची वही ठेवा. नवा कॅमेरा घ्यायचा असेल तर एप्रिल 2025 पासून सुरक्षेची सरकारी चाचणी बंधनकारक झाली आहे, त्या चाचणीचे प्रमाणपत्र मागा.

महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमना 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची तपासणी करताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सनदेत आहे. त्या बाईची जागा कॅमेरा घेऊ शकत नाही.

आपण काय करावे

खोलीत शिरल्यावर वर पाहायची सवय लावा. कॅमेरा दिसला तर शांतपणे विचारा आणि खोली बदलून मागा. "बंद आहे" या उत्तरावर थांबू नका, झाकायला किंवा काढायला सांगा. स्वतः ओढून तोडू नका. महाराष्ट्रात 2010 च्या कायद्यानुसार दवाखान्यात मारहाण वा मोडतोड केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मग ज्याची चूक तो बाजूला राहून आपल्या घरचा तरुण कोर्टाच्या चकरा मारतो.

ऐकले नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नर्सिंग होमबाबत कोणत्या अधिकाऱ्याकडे जायचे हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात कळते. गुन्हा घडला असेल तर घटना लातूरची असली तरी आपल्या जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. कलम 77 ची फिर्याद देणारी पीडित स्त्री असेल तर ती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. चित्रण नेटवर आले असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. असे चित्रण तक्रारीनंतर 24 तासांत हटवण्याची मुदत 2021 च्या नियमांनी कंपन्यांना घातली. पुरावा म्हणून पत्ता आणि वेळ लिहून ठेवा, पण ती चित्रफीत नातेवाईकांना पाठवू नका. पुढे पाठवणाराही गुन्ह्यात येतो.

कधी उलटही होते. उपचारात हयगय झाली, बॅग चोरीला गेली आणि चित्रण आपल्यालाच हवे असते. रेकॉर्डर भरला की जुने आपोआप पुसले जाते, बहुधा काही आठवड्यांतच. म्हणून त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून "हे चित्रण जपून ठेवा" असा अर्ज द्या. सरकारी दवाखाना असेल तर सोबत माहिती अधिकाराचा अर्जही करा.

आणि एक गोष्ट स्वतःला विचारू या. वॉर्डात बाळाचा व्हिडिओ काढताना शेजारच्या खाटेवरची बाळंतीण त्यात येते, आणि आपण तो स्टेटसला ठेवतो. तिला कोणी विचारले? अमानत तिचीही आहे.

आमच्या त्या दवाखान्यात डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या, टीव्हीकडे पाहिले आणि खजील झाल्या. "चोऱ्या होतात म्हणून सगळीकडे लावा असे सांगितले होते. या खोलीचे डोक्यातच आले नाही," असे म्हणून त्यांनी तिथल्या तिथे मुलाला स्टूल आणायला लावले. दीड महिन्याने बाळाच्या लसीसाठी गेलो तेव्हा छताला फक्त स्क्रूची भोके होती आणि काउंटरवरचा टीव्ही गेला होता. अम्मींनी आत शिरताच आधी वर पाहिले, मग बाळाला खाटेवर ठेवले.