साखरेची पट्टी आणि उघडी राहिलेली डबी

गेल्या रमजानमध्ये जोहरनंतर अम्मीला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. घरच्या यंत्राने साखर दाखवली ११२. अम्मी म्हणाली, "आकडा तर ठीक आहे, मग रोजा कशाला सोडू?" मन मानेना, म्हणून शेजारच्या खालांचे यंत्र आणले. त्यात आकडा आला ६१! लगेच साखरपाणी देऊन रोजा सोडवला. नंतर लक्षात आले की, आमच्या पट्ट्यांची डबी कित्येक दिवस गॅसच्या ओट्यावर उघडीच होती.

पट्टीच्या टोकाला एन्झाइमचा पातळ थर असतो. ग्लुकोज ऑक्सिडेज हे बुरशीपासून मिळणारे एन्झाइम त्यासाठी वापरले जाते. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि अगदी बारीक वीजप्रवाह वाहतो. साखर जास्त, तितका प्रवाह जास्त. यंत्र तोच मोजते. या तंत्राचा पाया अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये घातला. पण एन्झाइम हे प्रथिन आहे. उष्णता आणि दमट हवा त्याला सोसत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ एन्झाइमऐवजी निकेल, सोने, कॉपर ऑक्साइड यांचे नॅनोकण वापरून पाहत आहेत. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. खडीसाखरेचा खडा हळू विरघळतो, तीच कुटून टाकली तर चटकन. कारण बारीक केल्यावर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. नॅनोकणांचेही तसेच. थोड्याशा धातूवर ग्लुकोजला भरपूर जागा मिळते आणि हे कण एन्झाइमसारखे सहज बिघडत नाहीत.

अडचणी मात्र आहेत. निकेल व तांब्याचे कण तीव्र आम्लारिधर्मी द्रावणात उत्तम चालतात, रक्त तसे नसते. रक्तातले क्लोराइड सोन्याच्या कणांचे काम मंदावते. 'क' जीवनसत्त्वही प्रवाह निर्माण करून आकडा फसवू शकते.

तोवर आपली पट्टीच जपायची. पट्टी काढताच झाकण घट्ट लावा, मुदत पाहा, बोट धुऊन कोरडे करा. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुसंख्य उलेमांचे मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे डॉक्टर सांगतात. आणि आकडा ठीक असूनही जीव घाबरा झाला, तर आकड्यावर विसंबू नका. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहे. रोजा नंतर कजा करता येतो.