रक्तातला आकडा जपून ठेवा

माजरीच्या कोळसा खाणीत काय अन् शिवारात काय, शौचावाटे रक्त गेलं की आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो. कधीकधी तो मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघतो. मग ऑपरेशनआधी डॉक्टर रक्ताची 'सीईए' तपासणी लिहून देतात. हे प्रथिन १९६५ साली कॅनडात गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधलं. आकडा साधारण ५ च्या आत हवा; फार चढलेला असेल तर पुढची वाट अवघड समजतात. पण बिडी ओढणाऱ्याचा आकडा कॅन्सर नसतानाही वाढतो, आणि कॅन्सर असून काहींचा वाढतच नाही! म्हणून निदान दुर्बिणीनं अन् तुकडा तपासूनच.

खरा उपयोग पुढं आहे. गाठ पूर्ण निघाली, तर चढलेला आकडा महिना-दीड महिन्यात उतरायला हवा. नंतर पुन्हा चढू लागला, तर रोग यकृतात वा फुप्फुसात परतला का, ते सीटी स्कॅनवर पाहतात. वेळीच दिसला तर काहींना दुसरं ऑपरेशन करता येतं. म्हणून पाच वर्षं, दर तीन ते सहा महिन्यांनी ही तपासणी. आपलं चुकतं ते इथंच. माणूस जेवू-खाऊ लागला की घरचे म्हणतात, 'आता कायले नागपूरची खेप?' वाचकहो, ती खेप चुकवू नका. जुने कागद पिशवीत असू द्या, आणि जमेल तर लॅबही तीच ठेवा. लॅब बदलली की आकडा थोडा इकडंतिकडं होतो.