संगणकातील मालकाची चावी : वापर आणि खबरदारी

भंडारदऱ्याचे धरण आपल्या जिल्ह्यातील वाचकांच्या परिचयाचे आहे. 1926 साली पूर्ण झालेल्या या धरणातून आवर्तन सुटते, ते ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मापाने; आणि काम झाले की बंद होते. दार उघडे टाकून कोणी घरी जात नाही. दुकानातील संगणकावर मालकाचा अधिकार वापरण्याचा नियमही हाच आहे. तो आम्ही पाळला नाही, त्याचा हिसाब आधी देतो.

2018 च्या पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या लॉजवाल्यांची चादरी, पडदे आणि टॉवेलची ऑर्डर आमच्याकडे होती. परवान्याचा खर्च नको म्हणून संगणकावर लिनक्सची 'उबुंटू' ही आवृत्ती घातली होती. जुन्या बिलांचे एक फोल्डर हलवायचे होते. संगणक "परवानगी नाही" एवढेच सांगे. आम्ही वैतागून 'सुडो' हा हुकूम पुढे लावला आणि फाइल मॅनेजरची अख्खी खिडकीच मालकाच्या अधिकाराने उघडली. फोल्डर हलले, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पासवर्ड बरोबर, तरी संगणक आत घेईना. पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्ड विचारी. टेम्पो दारात उभा आणि बिले संगणकात! शेवटी हाताने बिले लिहून माल रवाना केला.

असे का झाले?

लिनक्स (1991) ज्या युनिक्सच्या धर्तीवर बनले, ती प्रणाली 1969 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सुरू झाली. एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे, म्हणून प्रत्येकाला आपले वेगळे घर आणि सर्वांवर एक मालक. या मालकाला 'रूट' म्हणतात. रूट काहीही वाचू शकतो, काहीही पुसू शकतो. त्याला कोणी अडवत नाही.

खिडकीचा प्रोग्राम उघडला की तो न सांगता आपल्या घरात बारीकसारीक नोंदी लिहितो. उबुंटूच्या तेव्हाच्या आवृत्त्यांत 'सुडो' अधिकार रूटचा देई, घर मात्र आपलेच ठेवी. त्यामुळे आमच्या घरातील काही फायली रूटच्या नावावर झाल्या आणि सकाळी आम्हीच आमच्या घरात परके ठरलो. 2019 पासून उबुंटूने ही पद्धत बदलली. पण जुनी यंत्रे अजून अनेक दुकानांत आहेत. कोणावर हा प्रसंग आला तर घाबरू नये. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-3 या कळा एकत्र दाबाव्यात, अक्षरी पडद्यावर प्रवेश करावा आणि 'चाऊन' या हुकुमाने घरातील त्या फायली पुन्हा आपल्या नावावर कराव्यात. माहीतगार माणसाला हे पाच मिनिटांचे काम आहे.

खिडकीच धोक्याची का?

टाइप केलेला हुकूम एक काम करतो आणि संपतो. खिडकीचा प्रोग्राम म्हणजे मोठा कबिला : चित्रे दाखवणारा, अक्षरे मांडणारा, जुन्या आठवणी वाचणारा, असे कितीतरी भाग सोबत येतात. त्या सर्वांच्या हाती तिजोरीची चावी जाते. एकात जरी खोट असली तरी नुकसान सगळ्या दुकानाचे.

दुसरी गोष्ट. 1984 मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या 'एक्स' या पडदा-व्यवस्थेत सर्व खिडक्या जणू एकाच दिवाणखान्यात बसतात. एका खिडकीत टाइप केलेले दुसरी ऐकू शकते, तिच्या नावाने कळाही दाबू शकते. म्हणजे रूटची खिडकी उघडी असताना साध्या खात्यातला खोडसाळ प्रोग्रामही तिचा फायदा घेऊ शकतो. 'वेलँड' या नव्या व्यवस्थेने खिडक्यांमध्ये भिंती घातल्या. म्हणूनच तेथे रूटच्या खिडक्या पुष्कळदा उघडतच नाहीत. तो बिघाड नव्हे, एहतियात आहे.

मग काम कसे करावे?

1) रोजचे काम साध्या खात्यातून करावे. नोकराला आणि मुलांना वेगळी खाती द्यावीत, त्यांना सुडोचा अधिकार देऊ नये.

2) प्रोग्राम बसवणे, प्रिंटर जोडणे अशा कामांत खिडकी साधीच राहते आणि अधिकाराच्या कामापुरता पासवर्ड मागते. यामागे 'पोलकिट' नावाचा राखणदार असतो. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, तिजोरी पलीकडे, असा हा प्रकार. हाच मार्ग पहिला धरावा.

3) यंत्रणेची एखादी फाइल बदलायची असेल तर 'सुडोएडिट' वापरावे. ते फाइलची प्रत आपल्याला देते, आपण साध्या अधिकाराने दुरुस्ती करतो, मग ती मूळ जागी ठेवली जाते.

4) रूटची खिडकी उघडावी म्हणून कोणी 'एक्सहोस्ट' पुढे अधिकचे चिन्ह टाकायला सांगितले तर ऐकू नये. त्याने पडद्याचे दार सर्वांना मोकळे होते.

5) कारण न कळता पासवर्ड मागितला गेला तर देऊ नये.

राखणदारावरही लक्ष हवे. याच पोलकिटच्या 'पीकेएक्सेक' या भागातील मोठी खोट जानेवारी 2022 मध्ये क्वालिस या कंपनीने जाहीर केली. या कंपनीचे पुण्यातही केंद्र आहे. ती खोट 2009 पासून, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ लपून होती आणि तिच्यामुळे साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. दुरुस्ती लगेच आली. पण ज्यांनी ती बसवली त्यांनाच तिचा उपयोग. तेव्हा संगणक सुधारणा सुचवतो तेव्हा "उद्या पाहू" म्हणू नये.

दुकानाच्या संगणकात केवळ आपला नफा-तोटा नसतो. गिऱ्हाइकाची उधारी, कारागिराची मजुरी, कोणाचा पत्ता, कोणाचा फोन असतो. ही सगळी अमानत आहे. मालकाची चावी आपल्या हाती आहे म्हणून ती दिवसभर कुलपात अडकवून ठेवायची नसते. कामापुरती फिरवावी आणि लगेच खिशात घालावी.