कोंबडीचं पांढरं, बदकाचं पांढरं

वसईची मैत्रीण अर्धा डझन बदकाची अंडी घेऊन आली. पिवळं बाजूला काढून केकसाठी पांढरं फेटायला घेतलं आणि हात भरून आले. कोंबडीचं पांढरं एव्हाना फुलून भांड्यात ताठ उभं राहिलं असतं. हे मात्र चिकट, जड. वर नुसते साबणाच्या पाण्यासारखे मोठाले बुडबुडे. फोन लावला तर ती म्हणाली, "अगं, लिंबू पिळ की चार थेंब!" पिळलं. मग हळूहळू फेस धरायला लागला.

तेव्हापासून मला अंड्यांबद्दलचा नेहमीचा प्रश्न अर्धवट वाटू लागला आहे. जिममधली मुलं विचारतात, प्रोटीन कशात जास्त? उत्तर अगदीच बेचव आहे. शंभर ग्रॅममागे कोंबडीच्या अंड्यात साडेबारा ग्रॅमच्या आसपास, बदकाच्या त्याहून किंचित जास्त, लाव्हीच्या 13, टर्कीच्या आणि हंसाच्या पावणेचौदाच्या घरात. म्हणजे जवळपास सारखंच. फरक आकाराचा. लाव्हीचं अंडं जेमतेम 9 ग्रॅमचं, त्यातून प्रथिन मिळतं ग्रॅमभर. हंसाचं एकच अंडं 20 ग्रॅम देतं. लाव्हीच्या इवल्याशा अंड्याला 'पॉवरफुल' म्हणून जो भाव मिळतो, तो निदान प्रथिनांच्या हिशेबात तरी बसत नाही.

खरी गंमत 'किती' यात नाही, 'कोणतं' यात आहे. कोंबडीच्या पांढऱ्यात सुमारे 88 टक्के पाणी आणि उरलेल्यात बहुतेक प्रथिनं. त्यांत निम्म्याहून जास्त ओव्हाल्ब्युमिन. त्यामागे ओव्होट्रान्सफेरिन, सुमारे 12 टक्के. हे लोहाला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे आत शिरलेल्या जंतूंची उपासमार होते. तापवल्यावर साठ अंशांच्या थोडं पुढे आधी हेच गोठतं. ओव्हाल्ब्युमिनला ऐंशीच्या पुढे जावं लागतं. हाफ बॉइल अंड्याचं लुसलुशीतपण या मधल्या वीस अंशांतलं. बदकाच्या पांढऱ्यात मात्र ओव्होट्रान्सफेरिन फारच थोडं, आणि फेस धरणारी इतर प्रथिनंही कमी. लिंबाच्या आंबटाने प्रथिनांवरचा विद्युतभार उतरतो, ती एकमेकांना दूर लोटायची थांबतात आणि बुडबुड्याभोवती जाळं विणतात. मैत्रिणीला हे रसायन ठाऊक नसणार, लिंबू ठाऊक होतं.

जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम घ्या. कोंबडीचं 129 अमिनो आम्लांची माळ, हंसाचं 185 ची. काम एकच, पण माळेतले मणी जवळजवळ कुठेच जुळत नाहीत. काळ्या हंसाच्या अंड्यात तर दोन्ही जातींची सापडतात.

मला सगळ्यांत नवल वाटतं ते ओव्होम्युकॉइडचं. पचनाच्या ट्रिप्सिनसारख्या विकरांना अडवणारं हे प्रथिन. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मायकेल लास्कोव्स्की यांच्या गटाने 100 पक्ष्यांच्या अंड्यांतून त्याचा तिसरा भाग वेगळा काढून मणी न् मणी वाचला आणि 1987 मध्ये छापला. अपेक्षा अशी असते की प्रथिनाची जी जागा कामाची, ती उत्क्रांती जपते. बदल होतात ते बिनकामाच्या कोपऱ्यांत. इथे नेमकं उलटं निघालं. विकराला जिथे हा तुकडा भिडतो, त्याच जागा सर्वाधिक बदललेल्या! अठराव्या जागी कोंबडीत अ‍ॅलॅनिन, टर्कीत ल्युसिन, जपानी लाव्हीत लायसिन. एवढा एक मणी बदलला की कोणत्या विकराला कुलूप लागणार, तेही बदलतं. टर्कीचा आणि रुपेरी फेझंटचा तुकडा तर त्या एकाच मण्याने वेगळा. असं का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

अंड्यातल्या प्रथिनांवरून पक्ष्यांची वंशावळ मांडायचा उद्योग त्याआधीच सुरू झाला होता. चार्ल्स सिब्ली यांनी 1960 पासून शेकडो जातींच्या अंड्यांचं पांढरं विजेच्या प्रवाहात पळवून त्याचे पट्टे जुळवले. अंड्यांचा हव्यास इतका, की बेकायदा आणलेल्या अंड्यांपायी 1974 मध्ये त्यांना दंड भरावा लागला. पुढे ते डीएनएकडे वळले.

ओव्होम्युकॉइडची आणखी एक खोड घरात कळलेली बरी. ते उष्णतेला सहजी दबत नाही आणि कोंबडीच्या अंड्याच्या अ‍ॅलर्जीत त्याचा मोठा हात असतो. "कोंबडीचं सोसत नाही? मग लाव्हीचं द्या," हा सल्ला सर्रास ऐकू येतो. पण लाव्ही ही कोंबडीच्याच कुळातली, त्यामुळे शरीर दोघींची प्रथिनं सहसा एकच समजतं आणि पुरळ तेच उठतं. बदक नात्याने दूरचं, तरी तिथेही भरवसा नाही. उलट कोंबडीचं अंडं पचवणाऱ्या काहींना बदकाचं किंवा हंसाचं तेवढं बाधल्याच्या नोंदी आहेत. म्हणून केक कापण्याआधी मी शेजारच्या छोट्याच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "त्याला नुसता पाव दे."