‘पाठलाग’ : शोकाची उलटतपासणी

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली पडद्यावर आला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतलेला. दोनच वर्षांनी राज खोसला यांनी त्याचा ‘मेरा साया’ केला आणि मूळ मराठी चित्रपट हिंदीच्या सावलीत गेला. (नावातच साया, दुसरे काय होणार!) दोन्हींची नोंद रहस्यपट म्हणून होते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. या कथेतले रहस्य टिकून राहते ते नायकाच्या शोकामुळे.

एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत जाते. पुढे पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक स्त्री पकडतात. चेहरा हुबेहूब पत्नीचा, आणि ती सांगते, “मीच तुमची बायको.” घरातल्या, संसारातल्या, नवराबायकोशिवाय कुणाला ठाऊक नसणाऱ्या खुणा ती न्यायालयात एकेक करून देते. वकील प्रत्येक खूण खोडून काढतो. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्यातला हा सामना म्हणजे चित्रपटाचा कणा. शेवटी कळते की गेली ती जुळी बहीण.

म्हणजे त्याचा शोक खरा होता, पण ज्या व्यक्तीसाठी तो होता ती समोरच्या पिंजऱ्यात उभी होती. ती त्याला दिसली का नाही? पुरावा कमी पडला म्हणून, असे मला वाटत नाही. गेलेल्या माणसाची मूर्ती मनात एकदा बसली की तिला धक्का लावणारा माणूस लबाडच वाटतो, मग तो स्वतः ते गेलेले माणूस का असेना. ‘मेरा साया’तला विधुर पत्नीच्या आवाजाच्या ध्वनिफिती ऐकत बसतो. त्या आवाजाने त्याला कधी उलट प्रश्न केला नसता. कटघऱ्यातली बाई मात्र करते.

इथे मानसोपचाराचा संबंध येतो. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठात कॅथरीन शिअर यांनी न ओसरणाऱ्या शोकावर एक उपचार बसवला. रुग्णाने डोळे मिटून त्या मृत्यूची हकीकत वर्तमानकाळात सांगायची, ती ध्वनिमुद्रित करायची आणि घरी नेऊन पुन्हापुन्हा ऐकायची. फीत इथेही आहे, पण आवाज गेलेल्याचा नाही, मागे राहिलेल्याचा. ऐकायला हा प्रकार क्रूर वाटतो. दुःखी माणसासमोर तो विषय काढू नये अशीच आपली रीत. पण २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ९५ जण होते. या उपचाराने ५१ टक्क्यांना उतार पडला, तर तुलनेसाठी घेतलेल्या नेहमीच्या मानसोपचाराने २८ टक्क्यांना. पुढे २०२२ साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या सुधारित निदानपुस्तिकेत दीर्घ शोकविकाराला स्वतंत्र जागा मिळाली. प्रौढांसाठी मृत्यूनंतर किमान बारा महिन्यांची अट आहे, म्हणजे वर्षश्राद्धापर्यंतच्या शोकाला पुस्तिकाही आजार म्हणत नाही.

‘आपली रीत’ म्हटले खरे, पण आमच्या दोंडाईच्याकडे ती तशी नाही. माणूस गेले की गावोगावचे लोक दारावर येतात. प्रत्येक जण बसल्याबसल्या विचारतो, “कसं व्हयनं?” घरची बाई पहिल्यापासून सांगते: किती वाजले होते, कुणी पाणी पाजले, गाडी कुठे अडकली. गंधमुक्तीपर्यंत हीच हकीकत तिच्या तोंडून कितीदा निघते, याची गणती कुणी ठेवत नाही. पहिल्या दिवशी शब्द फुटत नाही. आठव्या दिवशी तीच बाई सांगता सांगता मध्येच आलेल्यांच्या चहाचे विचारते. शहाण्या माणसांना हे निर्दय वाटते आणि काही घरांत ते निर्दय होतेही. विधवेला तर खोदून खोदून विचारणारे कमी नसतात.

चित्रपटातल्या वकिलाच्या वाट्याला असे दार आलेले दिसत नाही. त्याला मिळाले न्यायालय. तिथेही तेच घडते, पत्नीच्या एकेका आठवणीला हात घालावा लागतो. पण दारावर आलेल्याला खटला जिंकायचा नसतो, वकिलाला असतो. म्हणून प्रत्येक प्रश्न तो कुंपणासारखा वापरतो. ‘मेरा साया’त याची किंमत ती स्त्री मोजते: तिची रवानगी मनोरुग्णालयात होते. खरे सांगणारी वेडी ठरते, आणि ज्याला उपचाराची गरज आहे तो काळा कोट घालून घरी जातो.